आधी क्ष म्हणजे काय ते लिही

शाब्दिक उदाहरण वाचल्या वाचल्या आकडेमोडीला लागू नकोस. आधी वहीत लिही: मुलाचं आजचं वय = क्ष वर्षं. नुसतं 'मुलगा = क्ष' नको, क्ष ही संख्या आहे.

आता हे बघ. वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या तिपटीपेक्षा 5 ने कमी, दोघांच्या वयांची बेरीज 55. आधी तिप्पट, मग वजाबाकी, म्हणून वडील 3क्ष − 5. घाईत 3(क्ष − 5) लिहिलं की सगळंच बिघडतं. समीकरण: क्ष + 3क्ष − 5 = 55. मुलगा 15, वडील 40.

पडताळा समीकरणात नको, मूळ वाक्यात घे. समीकरणच चुकलं असेल तर ते तिथेच कळतं. आणि '5 वर्षांनंतर' आलं, तर 5 दोघांच्याही वयात मिळव.