बडोद्याहून जाऊन कमी खर्चात घोड्यांच्या शर्यती कशा बघाव्यात?

तुम्ही विचारलं आहे की बडोद्याहून दोघं-तिघं मित्र मिळून एकदा घोड्यांच्या शर्यती बघायच्या आहेत, नोकरी नवीन आहे, खिसा बेताचा आहे, तर हा दिवस कमीत कमी खर्चात कसा जमवावा. आणि पैज लावायची नसेल तर तिथे जाण्यात अर्थ आहे का.

अर्थ आहे, आणि भरपूर आहे. मी बडोद्याचाच, दांडिया बाजारात राहतो, आणि थंडीत जमेल तेव्हा महालक्ष्मीला रेस बघायला जातो. त्या दिवसातला माझा सगळ्यात मोठा खर्च रेल्वेच्या भाड्याचा असतो. पैजेसाठी दोन-तीनशे रुपये वेगळे काढतो आणि पुष्कळदा त्यातले निम्मे तसेच परत येतात, कारण घोडे बघण्यातच वेळ निघून जातो.

आपल्याकडे रेसकोर्स सर्कल आहे, रेसकोर्स रोड आहे, पण टोटच्या, म्हणजे पैज लावायच्या, खिडक्या असलेलं चालू रेसकोर्स बडोद्यात नाही. जवळचं म्हणजे मुंबईचं महालक्ष्मी, आणि पावसाळ्यात पुण्याचं. दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहेत. मुंबईचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चालतो, पुण्याचा जुलै ते ऑक्टोबर. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी महालक्ष्मीच सांगेन. 1883 पासून तिथे शर्यती होत आहेत, जुना ग्रँडस्टँड अजून उभा आहे, आणि आपल्यासाठी ते पोचायला सगळ्यात सोपं आहे.

रात्रीची गाडी पकडा. बडोदा ते मुंबई सेंट्रल 392 किलोमीटर, साडेपाच-सहा तासांचा प्रवास. स्लीपरचं भाडं तीनशे रुपयांच्या आसपास पडतं आणि मुंबईत राहायचा खर्च पूर्ण वाचतो. गाडी मुंबई सेंट्रलला किंवा दादरला थांबणारी बघा. वांद्रे टर्मिनसला उतरलात तर सकाळी उगाच वणवण होते. हातात छोटी पिशवीच असावी, मोठी असेल तर स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. तिथून महालक्ष्मीला स्लो लोकलने जायचं, तिकीट पाच रुपये. फास्ट लोकल महालक्ष्मीला थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

पहिली रेस बहुधा दुपारी सुटते, म्हणजे सकाळ मोकळी. ती फुकटात छान जाते. महालक्ष्मी स्टेशनजवळच्या पुलावरून धोबीघाट दिसतो, महालक्ष्मीचं देऊळ आणि हाजी अली दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. हाजी अलीची वाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, तेव्हा ओहोटी बघून जा. पोटभर खाऊन मगच आत शिरा, कारण आतलं खाणं बाहेरच्यापेक्षा महाग पडतं. माझ्या घरून गाडीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी येते, सोबत लीलो चेवडो. सकाळपर्यंत तेवढं पुरतं. दुपारी स्टेशनबाहेर वडापाव.

आत जाण्यासाठी वेगवेगळ्या एन्क्लोजरची, म्हणजे प्रेक्षकांच्या विभागांची, वेगवेगळी तिकिटं असतात. मेंबर्स एन्क्लोजर सभासदांचं आणि त्यांच्या पाहुण्यांचं, तिथे कपड्यांचेही नियम आहेत. त्याचा विचारच नको. सर्वसामान्यांसाठीचं तिकीट काढा, साधी पँट, कॉलरचा शर्ट आणि पायात बूट, एवढं पुष्कळ आहे. टोपी मात्र घ्या. फेब्रुवारीतसुद्धा मुंबईचं दुपारचं ऊन डोक्यावर येतं आणि खरी मजा सावलीतल्या खुर्चीत नाही, कठड्यापाशी आहे. कोणाकडे दुर्बीण असेल तर मागून आणा; घोडे समोरच्या बाजूला असतात तेव्हा नुसत्या डोळ्यांना रंगांचे ठिपके तेवढे दिसतात.

एक खर्च मात्र टाळू नका: रेसचं पुस्तक. दिवसभरातल्या सगळ्या रेस, प्रत्येक घोड्याचा नंबर, आई-बाप, वय, पाठीवरचं वजन, जॉकी, ट्रेनर, मालक, मागच्या धावांचे निकाल, सगळं त्यात असतं. तिघांत एक घेतलं तरी चालेल. हे पुस्तक वाचता येऊ लागलं की समोरच्या धावपळीला अर्थ येतो. उदाहरणार्थ वजन. बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात, म्हणजे जो घोडा चांगला त्याच्यावर जास्त वजन. मानांकनातला एक गुण म्हणजे अर्धा किलो. जॉकी हलका असेल तर खोगिराबरोबर शिशाच्या पट्ट्या लावून वजन भरून काढतात, आणि रेस संपल्यावर तो खोगिरासकट पुन्हा काट्यावर उभा राहतो. आठ-दहा घोडे शेवटच्या शंभर मीटरमध्ये एकमेकांना खेटून का येतात, हे या अर्ध्या-अर्ध्या किलोच्या हिशेबात आहे. वयाचीही एक गंमत आहे: घोडा वर्षात केव्हाही जन्मलेला असो, शर्यतीच्या हिशेबात सगळ्यांचा वाढदिवस 1 जानेवारी.

आता पॅडॉक. माझं ऐकाल तर दिवसाचा अर्धा वेळ इथे घालवा. प्रत्येक रेसच्या आधी त्या रेसचे घोडे इथे गोल फिरवतात, आणि तुम्ही काही हातांवर उभे असता. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, कातडीखाली प्रत्येक स्नायू हलताना दिसतो, शिरा वर आलेल्या असतात. वरातीतल्या किंवा कमाटीबागेजवळच्या टांग्याच्या घोड्यावर आपली नजर घडलेली असते. थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा, पहिल्यांदा एवढ्या जवळून बघितला की माणूस गप्प होतो. चाल बघा. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्या पुढे पडतो का, पाऊल सैल आणि लांब आहे का. कातडीवर चकाकी आहे का. कान पुढे आहेत की मागे पाडलेले. मागच्या मांड्यांमध्ये घामाचा फेस आला असेल आणि शेपटी सतत झटकत असेल, तर घोडा शर्यतीआधीच अस्वस्थ आहे आणि ताकद इथेच संपवतो आहे. मोतद्दाराला ओढत नेणारा घोडा आणि त्याच्याबरोबर शांत चालणारा घोडा यांतला फरक दोन-तीन रेसनंतर तुमचा तुम्हाला कळू लागेल. डोळ्यांना झापडं लावली आहेत का, पायात ॲल्युमिनियमची नाल आहे की पोलादी, हेही जाणकार बघतात.

पॅडॉकमध्ये तिघांनी आपापला एक घोडा निवडायचा, कारण मोठ्याने सांगायचं, आणि मग पळत कठड्याकडे जायचं. अंदाज बरोबर की चूक, घोडामैदान अगदी जवळ असतं. आम्ही मित्र असंच करतो आणि हरणाऱ्याने चहा पाजायचा. पैशाची पैज न लावता सात-आठ रेस रंगतात.

कठड्यापाशी उभं राहायचं तर विनिंग पोस्टच्या, म्हणजे शर्यत जिथे संपते त्या खांबाच्या, थोडं अलीकडे राहा. पोस्टसमोर गर्दी असते, आणि शर्यत खरी ठरते ती त्याआधीच्या दोनशे मीटरमध्ये. बाराशे मीटरची रेस सव्वा मिनिटाच्या आत संपते. आधी लाउडस्पीकरवरचा आवाज, मग लांबून एक थरथर पायाखालून जाणवते, मग टापा, जॉकींचं ओरडणं, आणि ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने सगळा घोळका तुमच्यासमोरून जातो. टीव्हीवर ही थरथर येत नाही. रोजच्या कामाचा शीण अंगातून उतरवायला मला याहून चांगलं काही सापडलेलं नाही.

पैजेबद्दल स्पष्ट लिहितो. महालक्ष्मीच्या आवारात टोटच्या खिडकीवर आणि परवानाधारक बुकींकडे, म्हणजे पैजा घेणाऱ्यांकडे, लावलेली पैज कायदेशीर आहे. घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये म्हटलं. पण ते कौशल्य वर्षानुवर्षं बघून येतं, एका दिवसात नाही. त्यात कर. आधी पैजेच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. जिंकलात काय, हरलात काय, हा कर पैजेच्या रकमेवरच असतो. शिवाय टोटमध्ये सगळ्यांचे पैसे एकत्र होतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा जातो, आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. म्हणजे दिवसभर लावत राहणाऱ्याचा खिसा हळूहळू रिकामा होणार हे गणितातच आहे. बेताच्या पगारात इथे कमवायला जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तरीही एकदा तिकीट हातात धरून बघायचं असेल तर सिनेमाच्या तिकिटाला जेवढे देता तेवढे पैसे वेगळ्या खिशात ठेवा आणि ते गेलेच असं समजा. एटीएम कार्ड पाकिटाच्या तळाशी. विन म्हणजे घोडा पहिला यायला हवा. प्लेस म्हणजे पहिल्या दोन-तीनांत आला तरी चालतं, किती ते त्या रेसमध्ये किती घोडे आहेत त्यावर ठरतं. नवख्याने प्लेस घ्यावं. पैसे थोडे मिळतात पण शेवटपर्यंत जीव गुंतून राहतो. जॅकपॉट, तनाला, ट्रेबल या पैजांत अनेक अंदाज एकदम बरोबर यावे लागतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि रेस संपल्या संपल्या तिकीट फाडू नका. कधीकधी आक्षेप येतो, चौकशी होते आणि क्रम बदलतो. निकाल अधिकृत जाहीर होईपर्यंत थांबा.

कानाशी येऊन 'पक्की टिप आहे' म्हणणारे भेटतील, मोबाइलवर टिप विकणारे ग्रुप दिसतील, आवाराबाहेर किंवा फोनवर पैज घेणारेही असतात. या तिघांपासूनही लांब राहा. बाहेरची पैज बेकायदा आहे, आणि उधारीवर चालत असल्यामुळे तिथेच तरुण मुलं बुडतात.

आता जे मला बडोदेकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही ते. या मैदानाशी आपलं नातं जुनं आहे. भारतातली सर्वांत मानाची शर्यत इंडियन डर्बी, ती मुंबईत पहिल्यांदा 1943 मध्ये झाली आणि ती जिंकणारी घोडी प्रिन्सेस ब्युटीफुल आपल्या प्रतापसिंहराव गायकवाड महाराजांची होती. जॉकी होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. पुढे 1945 मध्ये महाराजांनी इंग्लंडच्या लिलावात एक वर्षाचं शिंगरू 28,000 गिनीला घेतलं, तेव्हाची ती विक्रमी किंमत होती, आणि त्याला आपल्या आजोबांचं नाव दिलं: सयाजीराव. हा सयाजीराव 1947 मध्ये आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर, या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकला. पुढच्याच वर्षी महाराजांचा माय बाबू हा घोडा टू थाउजंड गिनीज ही इंग्लंडची शर्यत जिंकला. बडोद्यातल्या काळा घोडा चौकातून रोज जाणाऱ्या किती जणांना माहीत आहे की सयाजीराव नावाचा एक खरा घोडा होता आणि तो इंग्लंडच्या मैदानावर बडोद्याचे रंग घेऊन धावला? संस्थानी खजिन्यातून एवढा पैसा घोड्यांवर जावा की नाही हा प्रश्न तेव्हाही होता आणि तो रास्त होता. पण पॅडॉकच्या कठड्यावर हात ठेवून उभं राहताना ही नावं ठाऊक असली की आपण परक्या ठिकाणी आलो आहोत असं वाटत नाही.

दिवस कोणता निवडायचा? डर्बी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते, 2400 मीटर, थाटमाट मोठा. पण पहिल्या खेपेला तो दिवस नको. गर्दी आणि खर्च दोन्ही वाढतात, पॅडॉकजवळ उभं राहायला जागा मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीतला साधा रेसचा दिवस घ्या. दोन रेसमध्ये अर्ध्या तासाचं अंतर असतं, सगळं सावकाश बघता येतं. शेवटची रेस संध्याकाळी संपते आणि रात्रीच्या गाडीने सकाळी घरी.

पुण्यात तुमचे कोणी नातेवाईक असतील, आणि बडोद्याच्या मराठी घरात ते बहुधा असतातच, तर पुढच्या पावसाळ्यात पुण्याचाही बेत करा. कॅम्पातलं ते मैदान 1830 पासूनचं आहे, आणि सप्टेंबरमध्ये इंडियन सेंट लेजर तिथेच होते. मावशीकडे मुक्काम केला तर खर्च मुंबईएवढाच. फक्त जोराचा पाऊस झाला की मैदान चिखलाचं होऊन शर्यती पुढे ढकलल्या जाऊ शकतात. मुंबई असो वा पुणे, क्लबच्या संकेतस्थळावर रेसच्या तारखा आणि प्रवेशाचे दर आधी बघा, आणि मगच रेल्वेचं आरक्षण करा. शनिवार-रविवारच्या रात्रीच्या गाड्या लवकर भरतात, तेव्हा परतीचं तिकीट आधी काढा.