स्मार्ट मीटरच्या शेअरमध्ये एफडीचे 12 लाख टाकू का?

प्रश्न थोडक्यात असा: वय 51, खाजगी नोकरी. 18 लाखांची एफडी पुढच्या महिन्यात मॅच्युअर होतेय. ईपीएफ 22 लाख, म्युच्युअल फंड 9 लाख. 14 महिन्यांपूर्वी स्मार्ट मीटर बनवणाऱ्या एका लिस्टेड कंपनीत एकरकमी 3 लाख टाकले होते, त्याचे आज 4.8 लाख झालेत. मेहुणा मीटर बसवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरकडे आहे, तो म्हणतो अजून दोन-तीन वर्षं मान वर करायला फुरसत मिळणार नाही एवढं काम आहे. मुलीच्या पुढच्या शिक्षणाला दोन वर्षांनी साधारण 10 लाख लागतील. एफडीतले 12 लाख त्याच शेअरमध्ये टाकू का?

नमस्कार दादा,

सरळ सांगतो, नका टाकू. उलट जे आहेत त्यातलेच थोडे काढून घ्या असं माझं म्हणणं आहे. तुम्हाला हे आवडणार नाही कारण शेअर 60 टक्के वर आहे आणि मेहुणा रोज साइटवरून फोटो पाठवतोय, पण जरा सविस्तर ऐका, कंपनी वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये.

मेहुण्याची बातमी खरी आहे. 2021 मध्ये केंद्राने वीज वितरण सुधारायची आरडीएसएस योजना आणली, एकूण आकडा 3 लाख 3 हजार कोटींच्या वर, त्यात केंद्राचा वाटा 97 हजार कोटींच्या वर, आणि लक्ष्य 25 कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर. तेव्हा देशातल्या वीज वितरण कंपन्यांचा तोटा, म्हणजे चोरी, गळती, न झालेली वसुली सगळं धरून, 22 टक्क्यांच्या आसपास होता, आता तो बराच खाली आलाय. म्हणजे मागणी कुणी कागदावर रंगवलेली नाहीये, वीज कंपन्यांना हे मीटर खरंच हवेत. त्यामुळे या धंद्यात वाढही दणक्यात झाली. जयपूरची जीनस पॉवर घ्या, 2023-24 मध्ये विक्री साधारण 1,200 कोटी आणि पुढच्याच वर्षी 2,400 कोटींच्या वर, ऑर्डर बुक 30 हजार कोटींच्या आसपास. अदानी एनर्जी सोल्युशन्सकडे सव्वादोन कोटींहून जास्त मीटरचं काम, किंमत 27 हजार कोटींच्या वर. असे आकडे वाचले की कुणालाही वाटणार, अरे 2,400 कोटींची विक्री आणि 30 हजार कोटींची ऑर्डर, मग शेअर अजून पाचपट तर आरामात जाईल!

इथेच गडबड आहे. ती ऑर्डर म्हणजे मीटर विकायची ऑर्डर नाहीये. बहुतेक कंत्राटं टोटेक्स पद्धतीची आहेत, म्हणजे वीज कंपनी मीटरचे पैसे एकदम देतच नाही. मीटर आणायचा कंपनीने, बसवायचा कंपनीने, त्यासाठी कर्ज काढायचं कंपनीने, सिमकार्ड किंवा रेडिओ नेटवर्क, सर्व्हर, सॉफ्टवेअर, आठ-दहा वर्षांची देखभाल सगळं कंपनीच्या अंगावर, आणि वीज कंपनी दर मीटरमागे दर महिन्याला ठरलेलं भाडं देणार, तेही सिस्टिम चालू होऊन डेटा नीट यायला लागल्यावर, डेटा आला नाही तर त्यातून कापून. केंद्राचं अनुदान साध्या राज्यांत (ईशान्येकडची आणि डोंगराळ राज्यं सोडून) मीटरच्या खर्चाच्या 15 टक्के आणि जास्तीत जास्त 900 रुपये. महाराष्ट्रातली कंत्राटं एका मीटरला 12 हजारांच्या घरात गेली तेव्हा केवढी ओरड झाली, "2-3 हजारांचा मीटर 12 हजारांना!" म्हणून. पण त्या 12 हजारांत कर्जाचं व्याजही आहे आणि पुढच्या कितीतरी वर्षांची देखभालही. मीटर हा त्यातला एक तुकडा. आता हेच शेअरवाल्याच्या बाजूने बघा. 30 हजार कोटींतला बराच पैसा पुढच्या आठ-दहा वर्षांत थेंब थेंब येणार आहे आणि खर्च मात्र पहिल्या दोन-तीन वर्षांतच करायचा आहे.

एवढं भांडवल एका मीटर कंपनीला झेपत नाही, म्हणून मोठे भागीदार येतात. जीनसने 2023 मध्ये सिंगापूर सरकारच्या जीआयसी या गुंतवणूक कंपनीबरोबर वेगळा प्लॅटफॉर्म, म्हणजे मीटरची मालकी ठेवणारी वेगळी कंपनी, काढला, त्यात जीआयसीकडे 74 टक्के आणि जीनसकडे 26 टक्के. कर्ज त्या प्लॅटफॉर्मवर राहतं आणि जीनस त्याला मीटर आणि सेवा विकते. कल्पना चांगली आहे, मी नाव ठेवत नाही, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. मासिक भाड्याच्या उत्पन्नाची मोठी मालकी दुसऱ्याकडे आहे आणि लिस्टेड कंपनीच्या वाट्याला मुख्यतः बनवायचं आणि बसवायचं काम येतं. तुमची कंपनी या साखळीत नक्की कुठे बसते, नुसती मीटर बनवते, की मीटरची मालक आहे, की बसवायचं उपकंत्राट घेते, हे तुमच्या पत्रात कुठेच नाहीये, आणि 12 लाख टाकायच्या आधी हा पहिला प्रश्न असायला हवा होता. तिन्हीचे नफे वेगळे, धोकेही वेगळे.

मालक असण्याने काय फरक पडतो त्याचं एक उदाहरण ब्रिटनमधलं आहे. स्मार्ट मीटरिंग सिस्टिम्स नावाची ग्लासगोची कंपनी 2011 मध्ये 60 पेन्सला लिस्ट झाली आणि 2024 मध्ये केकेआर या अमेरिकन गुंतवणूक कंपनीने ती 955 पेन्सने विकत घेतली. ही कंपनी मीटर बनवून विकत नव्हती, मीटर स्वतःच्या मालकीचे ठेवून वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांकडून भाडं घेत होती आणि ते भाडं महागाईच्या निर्देशांकाला जोडलेलं होतं. 2021 मध्ये गॅसचे भाव भडकले आणि तिथल्या पुरवठादार कंपन्या एकामागून एक बुडाल्या तरी भिंतीवरचा मीटर तिथेच राहिला, ग्राहक ज्या नव्या कंपनीकडे गेला ती भाडं द्यायला लागली. लोक हे उदाहरण देऊन आपल्याकडचे शेअर विकतात तेव्हा मला जरा हसू येतं, कारण आपल्याकडे समोरची पार्टी बहुतेक ठिकाणी सरकारी वीज कंपनी आहे, तिथे महागाईइतकंच राजकारणही चालतं. आणि हो, ब्रिटनमध्येही 2020 पर्यंत सगळे मीटर बसवायचं ठरलं होतं, ते झालंच नाही.

राजकारणाचं म्हणाल तर यादी लांब आहे. उत्तर प्रदेशात 2023 मध्ये दर फार जास्त म्हणून लाखो मीटरचं मोठं टेंडर रद्द झालं. केरळने टोटेक्स पद्धतच नको म्हणून सांगितलं. गुजरातमध्ये 2024 च्या मे मध्ये वडोदऱ्यात लोक रस्त्यावर आले आणि काम थांबवावं लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तामिळनाडूने टेंडर रद्द केलं. आणि आपल्याकडे जून 2024 मध्ये फडणवीसांनी जाहीर केलं की सामान्य ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, नंतर तेच मीटर टीओडी (दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारे) मीटर म्हणून पोस्टपेड पद्धतीने बसायला लागले. मूळ मुदत मार्च 2025 होती, ती आली तेव्हा 25 कोटींच्या पाचव्या भागाइतकेही मीटर बसले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल प्रीपेड काय आणि पोस्टपेड काय, मीटर तर बसतोय ना. बसतोय, पण पैशाचा रस्ता बदलतो. मूळ रचना अशी होती की ग्राहक आधी रिचार्ज करणार, ते पैसे एका खात्यात येणार आणि त्यातून मीटर कंपनीचं भाडं आधी वळतं होणार, वीज कंपनीच्या साहेबांची सही लागायची नाही. बँका कर्ज द्यायला तयार झाल्या त्यात या रचनेचा मोठा वाटा होता. पोस्टपेडमध्ये आधी बिल, मग ग्राहक भरेल तेव्हा पैसे. भाडं बुडेल असं मी म्हणत नाही, खात्यातून वळतं करून घ्यायची सोय तिथेही ठेवता येते, पण रिचार्जचा आगाऊ पैसा हा जो आधार होता तो तेवढा पातळ होतो. वीज कंपन्यांची थकबाकीची सवय सगळ्यांना माहीत आहे, जून 2022 मध्ये वीजनिर्मिती कंपन्यांचं त्यांच्याकडचं येणं 1 लाख 37 हजार कोटींच्या वर होतं आणि केंद्राला त्यासाठी वेगळे नियम काढावे लागले.

आणि सगळ्यात मोठा मुद्दा, ज्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. मीटर एकदा बसला की साधारण दहा वर्षं बसला. 25 कोटी घरांत एकदा काम झालं की मग काय? नवीन कनेक्शन, बिघडलेले मीटर, देखभाल, थोडी निर्यात, गॅस आणि पाण्याचे मीटर. धंदा शून्यावर येणार नाही, पण आजच्या वेगाने राहणारही नाही. मंडपवाल्याची लग्नसराईतली कमाई बघून कुणी त्याला वर्षभराचं कर्ज देत नाही, पण शेअर बाजार नेमकं तेच करतो, चढत्या दोन वर्षांचा नफा धरतो, त्याला मोठा पीई (नफ्याच्या किती पट भाव द्यायचा तो आकडा) लावतो आणि हा नफा असाच वाढत जाईल असं समजून भाव देतो. मेहुणा म्हणतो तसं दोन-तीन वर्षं काम आहे, बरोबर आहे, पण शेअरचा भाव चौथ्या-पाचव्या वर्षाचा विचार आधीच करायला लागतो. काम भरपूर असताना शेअर पडतो तो असा, आणि साइटवरच्या माणसाला ते कळतसुद्धा नाही, कारण त्याचं काम चालूच असतं.

शेअर ठेवणारच असाल तर दर तिमाहीला नफ्याच्या आकड्यावर खुश होऊ नका. कामकाजातून रोख किती आली ते बघा, नफा 100 आणि रोख उणे असं दोन-तीन वर्षं सलग दिसलं तर पैसा येणी आणि मालाच्या साठ्यात अडकलाय. येण्याचे दिवस वाढतायत का, मीटर महिन्याला किती बसतायत (ऑर्डर किती मिळाली ते नाही, बसले किती), आणि देखभालीच्या उत्पन्नाचा वाटा वाढतोय का, एवढं बघितलं तरी खूप झालं. प्रमोटरने शेअर गहाण ठेवलेत का तेही बघा. आणि चिप बाहेरून येतात हे विसरू नका, 2021-22 मध्ये चिपचा तुटवडा झाला तेव्हा ऑर्डर हातात असून मीटर कंपन्यांना माल देता येत नव्हता.

आता तुमच्या घरचे आकडे. सगळं मिळून तुमच्याकडे 53.8 लाख आहेत. 12 लाख टाकले तर एका शेअरमध्ये 16.8 लाख, म्हणजे एकूण पैशाच्या 31 टक्के. ईपीएफला तर आत्ता हात लावता येत नाही असं धरू, तर हातातल्या 31.8 लाखांतले निम्म्याहून जास्त एका कंपनीत. एफडीत उरतात 6 लाख आणि मुलीला लागणार 10. म्हणजे दोन वर्षांनी 4 लाखांसाठी तुम्हाला हा शेअर किंवा म्युच्युअल फंड विकावाच लागेल, बाजार कसाही असो. शेअर अर्ध्यावर आला, आणि अशा शेअरमध्ये ते काही नवलाचं नाही, तर 8.4 लाख गेले, म्हणजे जवळजवळ मुलीची सगळी फी. 51 व्या वर्षी ते भरून काढायला नोकरीची सातेक वर्षंच उरतात, तीही खाजगी नोकरी, धरून चालायला नको.

माझं गणित असं आहे. मुलीचे 10 लाख दोन वेगळ्या एफडीत टाका, पहिल्या फीच्या आधी एक मॅच्युअर होईल आणि वर्षाने दुसरी, व्याज कमी वाटलं तरी याच्यात हुशारी करू नका. 4 लाख घरखर्चाचा राखीव म्हणून, हे लिक्विड फंडात (हवे तेव्हा काढता येणारा कमी जोखमीचा फंड) किंवा स्वीप खात्यात (जादा रक्कम आपोआप एफडीत जाणारं बचत खातं). उरलेले 4 लाख इक्विटीत टाकायची इच्छा असेल तर तुमच्या आहे त्याच इंडेक्स किंवा फ्लेक्सी कॅप फंडात वर्षभर हप्त्याने टाका, वीज क्षेत्राच्या तेजीचा फायदा त्यातूनही थोडाफार मिळतो. स्वतंत्र वीज किंवा इन्फ्रा थीमचा फंड घेऊ नका, तो तुमच्या शेअरचाच मोठा भाऊ.

हातातले 4.8 लाख राहिले. एका शेअरमध्ये एकूण पैशाच्या 4-5 टक्क्यांपेक्षा जास्त ठेवू नये असं मी सगळ्यांना सांगतो, तुमच्यासाठी ते साधारण 2.15 ते 2.7 लाख होतात. तर 60 टक्के शेअर विका. 2.88 लाख हातात येतील, त्यात नफा 1.08 लाख. 12 महिने उलटून गेलेत, त्यामुळे हा लाँग टर्म नफा, आणि वर्षाला 1.25 लाखांपर्यंत त्यावर टॅक्स नाही, त्याच्या वर 12.5 टक्के. यावर्षी म्युच्युअल फंड विकून नफा घेतला असेल तर तो याच 1.25 लाखांत धरला जातो, आधी ते तपासा. मूळ टाकलेले 3 लाख जवळजवळ परत मिळतात आणि 1.92 लाखांचे शेअर तरीही राहतात. कंपनी खरंच पाचपट गेली तर तेच साडेनऊ लाख होतील, मेहुण्याला पार्टी द्यायला तेवढे पुरतात! पडली तर झोप उडणार नाही.

मेहुण्याला एक विचारून बघा, त्याच्या कॉन्ट्रॅक्टरला वरून पैसे किती दिवसांनी मिळतात आणि गेल्या वर्षीपेक्षा ते दिवस वाढलेत का. साइटवरून मिळणारी ही एकच माहिती आहे जी तुम्हाला खरंच कामाची आहे, आणि ती कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये सापडत नाही.

एफडीवर ऑटो रिन्यूअल टाकलेलं असेल तर मॅच्युरिटीच्या आठवडाभर आधी बँकेत जाऊन काढून घ्या, नाहीतर 18 लाख परत त्याच मुदतीला अडकतील आणि मोडायला गेलं की व्याज कापतील. आणि बँक कुठलीही असो, सहकारी असेल तर जास्तच लक्षात ठेवा, एका बँकेत एका माणसाच्या मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाखांपर्यंतच्याच ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला तोही नाही, तेव्हा नवीन एफडी करताना निदान दोन बँकांत वाटून करा.