प्रवेश पक्का होईपर्यंत अनामत भरू नये

सप्रेम नमस्कार,

आपले जिंतूरहून आलेले पत्र मिळाले. आपल्या कन्येला अभियांत्रिकीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेरीत पुण्याजवळ आकुर्डीला जागा मिळाली आहे, तिने पुढच्या फेरीसाठी बेटरमेंटचा, म्हणजे अधिक पसंतीची जागा मिळवण्याचा, पर्याय ठेवला आहे, आणि सदाशिव पेठेतील कॉट बेसिसची (सामायिक खोलीत एका खाटेपुरती) जागा ‘आजच पैसे पाठवले तर राहील’ असे सांगणारा एक दलाल तीन महिन्यांची अनामत मागत आहे. ती भरावी का, असे आपण विचारता.

कृपया अद्याप भरू नका. पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची जागा मिळाली तर आकुर्डीची जागा आपोआप जाईल, आणि तिच्या पसंतिक्रमात वर असलेले महाविद्यालय कात्रजच्या बाजूला, म्हणजे शहराच्या थेट दुसऱ्या टोकाला आहे. सदाशिव पेठ या दोन्हींपासून लांबच. अभ्यासिका आणि खाणावळींमुळे स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना ती सोयीची असली, तरी सकाळच्या प्रात्यक्षिकांना आकुर्डी गाठणाऱ्या मुलीचे रोजचे दोन-तीन तास प्रवासातच जातील. पहिल्या वर्षी गणितात मागे पडलेली पुष्कळ मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांची अडचण बुद्धीची नसून या थकव्याची असते. थोडे भाडे जास्त पडले तरी चालेल, पण खोली महाविद्यालयाजवळच असावी, असे माझे ठाम मत आहे.

महाविद्यालयाच्या वसतिगृहासाठी बहुधा स्वतंत्र अर्ज करावा लागतो. प्रवेश निश्चित करण्याच्या दिवशीच तो द्यावा. ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी 1955 पासून पुण्यात काम करणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीच्या वसतिगृहाचीही चौकशी करावी. आपण खुल्या प्रवर्गातील अल्पभूधारक शेतकरी असल्याचे लिहिले आहे. त्यामुळे डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेसाठी महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज करता येईल का, हे महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात आवर्जून विचारा आणि अल्पभूधारक असल्याचा दाखला आताच काढून ठेवा, कारण ऐन वेळी तहसील कार्यालयात खेटे घालण्यात मुदत निघून जाते.

खासगी जागा घ्यावीच लागली, तर व्यवहार कागदावर असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. असा करार नसेल आणि पुढे अटींवरून वाद झाला, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ‘आपल्यात करार कशाला?’ असे म्हणणाऱ्या मालकालाही हे शांतपणे सांगता येईल. अनामत किती दिवसांत परत मिळणार आणि मध्येच जागा सोडल्यास किती कापली जाणार, हे त्या करारात लिहून घ्यावे.

चिंचवडला आपली चुलत बहीण राहते, असे आपण कळवले आहे. आकुर्डी तिथून जवळ असल्याने प्रवेश कायम होईपर्यंतचे काही आठवडे मुलीने आत्याकडे राहावे आणि त्या काळात दोघींनी जागा प्रत्यक्ष पाहाव्यात. शक्यतो संध्याकाळी जावे, म्हणजे तिथे राहणाऱ्या मुली भेटतील. पाणी किती वेळ येते, दार किती वाजता बंद होते, रविवारी रात्री मेस बंद असताना त्या कुठे जेवतात आणि आधीच्या मुलींना अनामत परत मिळाली का, हे त्यांनाच विचारावे.