समुद्रात सांडलेलं तेल किनाऱ्यावर कसं येतं? ते पाण्यात विरघळून का जात नाही?

तेल मुख्यतः पृष्ठभागावरच पसरतं. प्रवाह जिकडे, तिकडे तवंग जातो. त्यात वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाची भर पडते. म्हणजे ताशी ४० किमी वारा तवंगाला ताशी सव्वा किलोमीटरने ढकलतो. किनाऱ्याजवळ भरती-ओहोटी त्याला खाडीत आत-बाहेर करत राहते.

७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा भर पावसाळ्यात सांडलेलं तेल रायगडच्या किनाऱ्यावर आणि खाड्यांतल्या खारफुटीत घुसलं. माझ्या मते खरं नुकसान तिथेच होतं. झाडांची श्वसनमुळं तेलाने माखली की हवा बंद, आणि चिखलात मुरलेलं तेल वर्षानुवर्षं राहतं, कारण तिथे प्राणवायू कमी असल्याने जिवाणूंचं काम मंदावतं.

हलका भाग एक-दोन दिवसांत उडून जातो. खवळलेल्या लाटा काही तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळतात. जड तेल मात्र पाणी शोषून घट्ट, तपकिरी लगदा बनतं, मग त्याचे डांबरगोळे होतात. मे महिन्यात गोव्याच्या वाळूत पायाला चिकटणारे काळे गोळे तेच.