मदतीची वही आणि दहा मिनिटं

"मॅडम, मला दुसऱ्यांसाठी काही करावंसं आतून वाटतच नाही, मी माणूस म्हणूनच वाईट आहे का?"

हा प्रश्न वर्षातून बऱ्याच वेळा येतो माझ्याकडे, शब्द फक्त वेगळे. आज ज्यांच्याबद्दल लिहितेय ते गृहस्थ चाळिशीतले, नोकरी चांगली, घरी बायको आणि मुलगी (ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत). झालं असं होतं की ऑफिसच्या जिन्यावर एक बाई पाय घसरून पडल्या, हातातले कागद सगळ्या पायऱ्यांवर पसरले आणि हे बाजूने खाली निघून गेले कारण मीटिंग होती. संध्याकाळी घरी गेल्यावर जे टोचायला लागलं ते महिना झाला तरी थांबेना. "कागदावर पाय पडू नये म्हणून उडी मारली मी," ते म्हणाले, "म्हणजे दिसलं तर होतं ना सगळं."

मी त्यांना 1973 सालचा एक प्रयोग सांगितला. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघांनी अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये केलेला, आणि प्रयोगातली मुलं कोण तर धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारी. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायचं होतं, काहींना तर बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीवरच, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्याला मदत करणाऱ्या माणसावर. आणि वाटेत दारात एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना सवड आहे असं सांगितलेलं त्यातले 63 टक्के थांबले. उशीर झालाय, पळा असं सांगितलेले किती थांबले? 10 टक्के. भाषणाचा विषय काय होता यानं फारसा फरक पडला नाही, काहीजण तर मदतीवर बोलायला जाता जाता त्या माणसाला ओलांडूनच गेले.

प्रयोग लहान होता, जेमतेम चाळीस मुलं, त्यामुळे मी तो ब्रह्मवाक्य म्हणून सांगत नाही. पण ते ऐकून यांचा चेहरा एकदम सैल झाला. "म्हणजे दोष घाईचा?" मी म्हटलं हो, पण घाई कुणाची? तर हसले. मग दिवस कसा जातो ते विचारलं, तेव्हा कळलं की हा माणूस कुठेही जायला अगदी शेवटच्या मिनिटाला निघतो आणि वाटेत जो येईल तो अडथळा वाटतो, मग तो पडलेला असो की मुलगी चित्र दाखवायला आलेली असो.

इथे माझी चूक झाली, सांगूनच टाकते. मी घाईचं ठेवलं बाजूला आणि गृहपाठ दिला, रोज कुणासाठी तरी एक छोटी गोष्ट करा आणि लिहून ठेवा. पंधरा दिवसांनी वही घेऊन आले. एकतीस नोंदी! तारीख, कोण, काय केलं असे रकाने आखलेले आणि चौथा रकाना त्यांनी स्वतःच वाढवलेला, 'प्रतिक्रिया'. त्यात नऊ ठिकाणी लाल पेनने 'साधं थँक्यू नाही'. माणूस आतून धुमसत होता. जो आयुष्यभर टार्गेटवर जगलाय त्याला मी अजून एक टार्गेट दिलं, मग काय होणार.

पुढच्या वेळी मी पत्नीलाही बोलावलं. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "बाहेर सगळ्यांच्या बॅगा उचलतात हे, घरी स्वतःचं ताट उचलत नाहीत." वहीत खरंच घरातली एकही नोंद नव्हती, आणि हे दोघांच्याही लक्षात त्याच क्षणी आलं. चांगलं वागायला आपण अनोळखी माणूस शोधतो कारण तिथे एकदा करून मोकळं होता येतं, घरच्या माणसाला उद्याही लागणार असतं.

मग वही बंद केली. दोनच गोष्टी ठरवल्या. एक, कुठेही जाताना दहा मिनिटं आधी निघायचं, मदत करण्यासाठी वगैरे नाही, नुसतं आधी निघायचं. दुसरी, एकच पक्कं वाक्य, 'घरात पाऊल टाकलं की फोन बाजूला ठेवून आधी विचारायचं, काय राहिलंय?' पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय, की 'मी आता चांगलं वागेन' असा मोघम निश्चय विरून जातो पण 'अमुक झालं की मी तमुक करेन' असं जोडून ठेवलं तर ते हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. वाटण्याची वाट बघायची नाही, कृती आधी, वाटणं मागून आलं तर आलं. काही लोकांना हे नाटकी वाटतं, मला नाही वाटत, लहानपणी दात घासायची आवड होती म्हणून आपण घासायला लागलो का?

(ज्यांना कुणाला नाहीच म्हणता येत नाही, सगळ्यांचं करता करता जे स्वतः रिकामे झालेत, त्यांनी हा उपाय करू नये प्लीज. तुमचा प्रश्न नेमका उलटा आहे.)

राहिला थँक्यूचा राग. अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या प्रयोगांमध्ये दिसलं की छोटीशी भलाई करणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा ती मिळणाऱ्याला जास्त बरं वाटलेलं असतं, करणारा अंदाज कमीच बांधतो. म्हणजे समोरचा काही बोलला नाही म्हणून त्याला काही वाटलं नाही असं धरून चालता येत नाही. हे त्यांना पटलं की नाही माहीत नाही, "बघू" म्हणाले. दोन महिन्यांत ताट उचलायला लागले, मधे एक आठवडा परत विसरले, परत सुरू केलं, मुलीची चित्रं बसून बघतात म्हणे, कधीकधी कंटाळतातही. ठीक आहे की.

शेवटच्या भेटीत म्हणाले, त्या जिन्यावरच्या बाईंना शोधून माफी मागितली. मी विचारलं काय म्हणाल्या? "मॅडम, त्यांना मी आठवतच नव्हतो. एका नवीन मुलानं सगळे कागद गोळा करून नंबरवारी लावून दिले, तेवढं आठवत होतं. त्याचं नाव सांगत होत्या मला." मग घड्याळाकडे बघून उठले, पुढच्या कामाला जायला अजून पंधरा मिनिटं होती.