१९५२ नंतर थेट १९९६ पर्यंत भारताला ऑलिंपिकमध्ये एकही वैयक्तिक पदक का मिळालं नाही?

प्रश्नाखाली तुम्ही असंही विचारलंय की, एवढ्या वर्षांत आपल्याकडे खेळाडूच नव्हते का? होते की. पण मी चाळीसगाव तालुक्यातला, कॉलेजच्या वयात चार-पाच वर्षं लंगोट लावलेला माणूस. माझं उत्तर कुस्तीकडे झुकणार, ते आधीच सांगून टाकतो.

१९५२ चं ते पदक खाशाबा जाधवांचं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा पैलवान १९४८ ला लंडनला गेला, मातीत वाढलेला असून तिथे गादीवर, म्हणजे मॅटवर, लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले, बाकीची वर्गणी. बँटमवेटमध्ये कांस्य घेऊन खाशाबा परतले, तेव्हा स्वागताला १५१ बैलगाड्या निघाल्या होत्या. अर्जुन पुरस्कार मात्र मिळाला तो मरणोत्तर. १९८४ मध्ये ते अपघातात गेले होते.

आता माती आणि गादी यांत एवढा काय फरक, ते माझ्या फजितीवरून सांगतो. जिल्ह्याची माझी पहिली कुस्ती गादीवर होती. तोवर मी फक्त यात्रेच्या फडात खेळलेलो. आमच्याकडे यात्रेत नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात होते, पोरं लढतात, मग रक्कम वाढत जाते. मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ती मऊ केलेली असते. पाय टाकला की अंगठा आत रुततो आणि त्या रुतलेल्या अंगठ्यावर समोरच्याचं वजन तोलून धरता येतं. घाई नसते. आधी त्याला दमवायचं, मग डाव टाकायचा. पाठ लागली तर निकाल, नाही लागली तर पंच कुस्ती सोडवतात.

गादीवर अंगठा रुतत नाही. मी आपला समोरच्याला दमवायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्याने दोनदा माझ्या पाठीमागे जाऊन गुण घेतलेसुद्धा. शिट्टी वाजली, पंचाने त्याचा हात वर केला. माझी पाठ लागलीच नव्हती! घरी आल्यावर अप्पांना हे समजावताना नाकी नऊ आले. त्यांचं एकच पालुपद: "तू पडना नही, मंग हारना कसा?"

देशाचंही बरंचसं असंच झालं. जगात खेळ एका जमिनीवर चालले होते आणि आपण दुसऱ्या जमिनीवर घाम गाळत होतो. तुम्ही वैयक्तिक पदकांचं विचारलंय, पण याचा उघड दाखला हॉकीत सापडतो. १९२८ ते १९५६ सलग सहा सुवर्णं. १९६० ला रौप्य, १९६४ ला पुन्हा सुवर्ण, नंतर दोन कांस्यं. हे सगळं गवतावर. १९७६ ला माँट्रियलमध्ये ऑलिंपिकची हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि आपण सातवे! १९८० ला मॉस्कोत सुवर्ण मिळालं खरं, पण बऱ्याच देशांचा बहिष्कार होता. त्यानंतर १९८४, १९८८, १९९२ या तिन्ही ऑलिंपिकमधून आपण रिकाम्या हाताने आलो.

सगळंच जमिनीवर ढकलून चालणार नाही, हेही कबूल. १९६० ला रोममध्ये मिल्खा सिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले. १९८४ ला लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळा शर्यतीतलं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. एवढ्याशा फरकाला मैदान, सराव, नशीब काय काय कारण असेल, कोण सांगणार. आणि आशियात आपण कमी नव्हतो. १९५१ ला दिल्लीत पहिले आशियाई खेळ झाले, त्यात १५ सुवर्णांसह जपानच्या पाठोपाठ दुसरे होतो.

१९९६ ला अटलांटात टेनिसमध्ये लिअँडर पेसने कांस्य मिळवलं आणि तुमच्या प्रश्नातला काळ संपला. कुस्तीला मात्र २००८ पर्यंत थांबावं लागलं. बीजिंगला सुशील कुमारने कांस्य घेतलं, खाशाबांनंतर ५६ वर्षांनी. तेव्हापासून २०२४ पर्यंत एकही ऑलिंपिक कुस्तीच्या पदकाशिवाय गेलेलं नाही. पण पैलवान कुठले बघा: दिल्ली, हरियाणा. तिकडे लहान पोरं गादीवर वाढली. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीला आजही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हीकडचे विजेते शेवटी एकमेकांना भिडतात. आमच्या तालुक्यातल्या सायगावच्या विजय चौधरीने ती गदा २०१४, २०१५, २०१६ अशी लागोपाठ तीनदा आणली. आम्हाला त्याचा अभिमान आहे. पण महाराष्ट्राच्या पैलवानाचं ऑलिंपिक पदक अजून खाशाबांचंच. आमच्याकडच्या एका संस्थेत गादी आली होती, ती तीन वर्षं गोदामात गुंडाळून पडली आणि उंदरांनी कोपरे खाल्ले. चीड येते ती याची.

महाराष्ट्राचं दुसरं वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला ७२ वर्षं लागली आणि ते आलं नेमबाजीत. २०२४ ला पॅरिसमध्ये कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. त्या दिवशी भुसावळ जंक्शनवरच्या आमच्या ओळखीच्या टीसीने असे पेढे वाटले, जणू रायफल यानेच धरली होती.

माझा पुतण्या सध्या दोन्हीकडे खेळतो. आठवडाभर गादीवर सराव, आणि यात्रांचे दिवस आले की माती, कारण रोख बक्षीस तिथेच मिळतं. गेल्या चैत्रात दोन फड मारले आणि त्या पैशांत गादीवरचे बूट घेऊन आला. अप्पा ते बूट उलटसुलट करून बघत बसले होते.