‘नुसता पाण्यात खेळतो हो!’

“मॅडम, चार वर्षांचा झाला, पण एका जागी बसत म्हणून नाही. सोसायटीतली मुलं शंभरापर्यंत आकडे म्हणतात आणि हा नुसता पाण्यात खेळतो.” शाळाप्रवेशाचे दिवस आले की हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकू येतं. हे म्हणणाऱ्या एका आईची आणि तिच्या मुलाची ही गोष्ट. मुलाला आपण अर्णव म्हणू.

आईने विज्ञानाचा महागडा संच आणला होता. अर्णव त्याच्या खोक्यात बसून गाडी गाडी खेळला. “याला आवडच नाही,” असा तिचा निष्कर्ष.

तिसऱ्या भेटीला मी त्यांना दोन संत्री घेऊन यायला सांगितलं. जमिनीवर टॉवेल अंथरला, त्यावर पाण्याने भरलेला टब ठेवला. सालीसकट संत्रं सोडलं, ते तरंगलं. दुसरं सोलून सोडलं, ते तळाशी गेलं.

अर्णव पालथा पडून बघत राहिला. मग म्हणाला, “त्याचे कपडे काढले ना, थंडी वाजली. म्हणून खाली जाऊन बसलं.”

“अरे, तसं नसतं, सालीत हवा...” आई बोलायला लागली. मी हलकेच तिच्या हातावर हात ठेवला. एवढंच. त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात मोठं काम तेच, असं मला आजही वाटतं.

खोलीत शांतता. अर्णवने सोललेलं संत्रं वर काढून सोडलं. परत बुडालं. मग टॉवेलवरची साल उचलून त्याने पाण्यात टाकली. साल तरंगली. त्याने ती दाबून खाली नेली, हात काढला, ती वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर.

“आई! कपडेच पोहतायत! संत्र्याला पोहता येत नाही!”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी सांगून टाकलं असतं, तर त्याने साल टाकलीच नसती,” ती म्हणाली.

मुलांचा विचार कसा घडतो याचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाला मी मानणारी. या वयाचं मूल बुटक्या भांड्यातलं पाणी उंच पेल्यात ओतताना स्वतः बघतं, तरी ‘आता जास्त झालं’ म्हणतं. ही चूक नव्हे, त्याच्या विचारांची ती पायरी आहे आणि ती समजावून ओलांडता येत नाही. हाताळून हाताळूनच ओलांडली जाते. अर्णवच्या ‘थंडी वाजली’मध्ये कारण शोधणारं डोकं होतं. आईला त्यात फक्त चुकीचं उत्तर दिसत होतं.

म्हणून पालकांना मी एवढंच सांगते. वस्तू पाण्यात सोडण्याआधी विचारा, “काय होईल?” नंतर विचारा, “काय झालं?” आणि मग थांबा. स्टीलची वाटी तरंगते, चमचा बुडतो. त्याच वाटीत पाणी भरलं की तीही बुडते. मीठ विरघळतं, रवा तळाशी बसतो. दहा मिनिटांत मूल उठून गेलं, तर जाऊ द्या. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डी या गावी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शंखशिंपले, बिया, पानं हीच मुलांची साधनं झाली. आपल्याकडे तर अख्खं स्वयंपाकघर आहे. मात्र पाण्याच्या बादलीजवळ मुलाला क्षणभरही एकटं सोडू नका. मणी, शेंगदाणे नाकातोंडात जातात आणि बटण सेल, म्हणजे बटणासारखे छोटे चपटे सेल, तर हाताशीच नकोत.

शेवटच्या भेटीत आईने मटकीची हकिकत सांगितली. आजींनी फडक्यात बांधलेली मटकी अर्णव दिवसातून चारदा सोडून बघायचा. पहिल्या दिवशी आजी रागावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच हाक मारली, “अर्णव, ये रे, शेपट्या फुटल्या का बघू.”

“त्याने विचारलं, मटकीला शेपटी कुठून आली?” आई म्हणाली. “आणि मॅडम, मी काही बोलले नाही. त्याने एक दाणा नखाने सोलला आणि आत बघत बसला.”